डेक्कन एअरवेज ते ट्रूजेट : हैदराबादच्या विमान कंपन्या आणि वैमानिकांच्या नोकरीचा प्रश्न

हैदराबाद संस्थानाच्या इतिहासात रेल्वेचा उल्लेख होतो, सरकारी मोटारबसचा होतो, उस्मानिया विद्यापीठाचा तर होतोच. या संस्थानाची स्वतःची विमान कंपनी होती, ही गोष्ट मात्र बहुधा एका ओळीत सांगून लेखक पुढे जातात. त्या कंपनीची विमाने चालवणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, हे क्वचितच विचारले जाते. प्रस्तुत लेखात तो प्रश्न विचारण्याचा प्रयत्न आहे.

हा विषय सुचला तो वर्गात. एका विद्यार्थ्याचा थोरला भाऊ दूर पूर्वेकडील शहरातून उडणाऱ्या एका लहान कंपनीत सहवैमानिक होता. पगार काही महिने थकला आणि मग उड्डाणेच थांबली. वैमानिकाच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज तसेच डोक्यावर राहिले. विद्यार्थी म्हणाला, "सर, भाईजानकडे लायसन्स आहे, पण ते एटीआरवर आहे. दुसरीकडे एअरबसवाले मागतात." मी भाषेचा शिक्षक. मला वाटत होते, विमान चालवता येणाऱ्याला कोणतेही विमान चालवता येते. तसे नसते. वैमानिकाच्या परवान्यावर विमानाचा प्रकार नोंदवलेला असतो. नव्या प्रकारासाठी नवे प्रशिक्षण, नवी परीक्षा आणि आजच्या काळात बरेच लाख रुपये लागतात. मास्तराची शाळा बंद पडली तर त्याचे व्याकरण निरुपयोगी होत नाही. वैमानिकाच्या बाबतीत कंपनीचे विमान बदलले तरी हातातली विद्या अर्धी होते.

उर्दूत नोकरीला 'मुलाजमत' म्हणतात. 'लाजिम' हा शब्दही त्याच अरबी धातूपासून आलेला आहे, आणि चिकटून असणे, सतत सोबत असणे हा मूळ अर्थ दोन्हींत आहे. वैमानिकाची मुलाजमत कोणाला चिकटलेली असते? मालकाला, कंपनीला, की यंत्राला? हैदराबादच्या हवाई इतिहासात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी बदलल्या. त्यामुळे हे शहर अभ्यासाला सोयीचे आहे.

निजाम सरकारने १९३० साली संस्थानातील रेल्वे ब्रिटिश कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली आणि १९३२ साली तिच्याच जोडीला मोटारबस सुरू केल्या. पहिल्या वेळी २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी होते. मराठवाड्यातल्या आपल्या लोकांना मनमाड-सिकंदराबाद मार्ग परिचित आहे. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे त्याच मार्गाने राजधानीशी जोडलेली होती. बेगमपेठचा विमानतळही १९३० च्या दशकातलाच. वाहतूक ही राज्याची जबाबदारी आहे, हा विचार तिथे आधीपासून रुजलेला होता. तेव्हा १९४५ साली डेक्कन एअरवेज लिमिटेड ही कंपनी निघाली, त्यात नवल नव्हते. निजाम सरकारचा वाटा मोठा आणि टाटांच्या विमान कंपनीचा वाटा लहान, अशी तिची रचना होती. मुंबई, मद्रास, बंगळूर आणि नागपूरमार्गे दिल्ली हे तिचे प्रमुख मार्ग होते.

ताफा होता डाकोटा विमानांचा. डग्लस कंपनीच्या या विमानाचे पहिले उड्डाण डिसेंबर १९३५ मध्ये झाले आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्याने त्याचा प्रचंड वापर केला. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याची शिल्लक विमाने भारतात स्वस्तात विक्रीला निघाली. हवाई दलात तयार झालेले वैमानिकही कामाच्या शोधात होते. विमान स्वस्त, वैमानिक उपलब्ध, म्हणून ज्याच्याकडे भांडवल तो विमान कंपनी काढू लागला. १९४६ पासून परवाने देणारे सरकारी मंडळ अस्तित्वात होते, पण त्याने हात आखडता घेतला नाही. मार्ग थोडे आणि कंपन्या फार, अशी स्थिती झाली. जे. आर. डी. टाटा या धोरणावर सातत्याने टीका करीत. या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबर ठरले, असे मला वाटते. अंबिका, ज्युपिटर, इंडियन ओव्हरसीज या कंपन्या १९५३ पूर्वीच बंद पडल्या.

मात्र वैमानिकांच्या दृष्टीने त्या काळात एक दिलासा होता. जवळजवळ सगळेच डाकोटा चालवीत. एक कंपनी बुडाली तरी परवाना दुसऱ्या कंपनीत तसाच चाले. आजच्या सहवैमानिकाला ही सोय नाही.

डेक्कनच्या कर्मचाऱ्यांवर पहिले संकट आले ते धंद्यातून नव्हे, राजकारणातून. नोव्हेंबर १९४७ मध्ये निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला, पण अविश्वास वाढत गेला. १९४८ साली सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक लँकॅस्ट्रियन विमानांतून कराचीहून रात्री शस्त्रे आणून बिदर आणि वरंगळला उतरवीत होता. ही विमाने डेक्कन एअरवेजची नव्हती. पण आकाशातला प्रत्येक आवाज संशयाचा झालेला असताना निजामाच्या कंपनीच्या वैमानिकांकडे लोक कसे पाहत असतील, याची कल्पना करता येते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात आले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मालक बदलला. कंपनी मात्र टिकली आणि डाकोटा बेगमपेठहून उडत राहिल्या. सरकार बदलल्यावर त्या काळात संस्थानातील पुष्कळ नोकऱ्या गेल्या, विशेषतः पोलीस आणि सैन्यातल्या. विमानाची नोकरी टिकली, कारण ती चालवणाऱ्याला सहज पर्याय नव्हता. कौशल्याने नोकरी वाचते असे आपण मुलांना सांगतो. ते खरे आहे, पण किती काळ, हा प्रश्न उरतो.

याच काळातले एक नाव विसरता येत नाही. प्रेम माथुर यांना १९४७ साली व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. अर्ज केलेल्या आठ कंपन्यांनी त्यांना नकार दिला, आणि शेवटी दार उघडले ते हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने. १९४९ साली त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. डेक्कनमध्ये त्या सहवैमानिक म्हणून उडत होत्या. आवश्यक उड्डाणतास पूर्ण झाल्यावर त्यांनी विमानाची पूर्ण जबाबदारी, म्हणजे कप्तानपद, मागितले. ते मिळाले नाही. त्या कंपनी सोडून दिल्लीला गेल्या आणि घनश्यामदास बिर्ला यांच्या खासगी वैमानिक झाल्या. १९५३ साली त्या इंडियन एअरलाइन्समध्ये दाखल झाल्या.

डेक्कनने त्यांना घेतले, हे संस्थानी कंपनीच्या उदारतेचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. ते सांगावेच. पण गोष्ट तिथे संपवणे प्रामाणिकपणाचे नाही. वैमानिकाच्या धंद्यात नोकरी मिळणे ही एक गोष्ट आणि डाव्या बाजूचे आसन मिळणे ही दुसरी. डावे आसन कप्तानाचे, उजवे सहवैमानिकाचे. पगार, प्रतिष्ठा आणि पुढची वाट या दोन आसनांमधल्या दोन हातांच्या अंतरावर ठरते. पुढे ज्या विलीनीकरणांचा विचार करायचा आहे, त्यांत नोकरी राहिली की गेली एवढेच पाहून भागत नाही, आसन कोणते मिळाले हेही पाहावे लागते.

१९४९ पासून भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. तिच्यामागे तत्कालीन दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांचा आग्रह होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी निघालेल्या डाकोटा मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपाल आणि प्रवासी यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. सेवा लोकप्रिय झाली, तरी कंपन्यांचा तोटा त्यामुळे भरून निघाला नाही. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील हवाई वाहतूक चौकशी समितीने १९५० साली या धंद्याची तपासणी केली. गरजेपेक्षा जास्त कंपन्या आहेत, हे तिचे निदान होते. कंपन्यांनी आपणहून एकत्र यावे, ही अपेक्षा पुरी झाली नाही. जगजीवनराम दळणवळण मंत्री असताना राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला. तो म्हणजे १९५३ चा हवाई महामंडळे अधिनियम. १ ऑगस्ट १९५३ रोजी डेक्कन एअरवेज, एअर इंडिया, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, एअरवेज (इंडिया), भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, इंडियन नॅशनल एअरवेज आणि कलिंग एअरलाइन्स या आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन झाले.

राष्ट्रीयीकरणावरील चर्चेत बहुधा टाटांची नाराजी, नुकसानभरपाईची रक्कम आणि नेहरूंची भूमिका यांवरच लक्ष जाते. माझ्या मते आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे तो अधिनियमाच्या विसाव्या कलमातला मजकूर, आणि तो सावकाश वाचण्यासारखा आहे. त्याचा आशय असा. जुन्या कंपनीत १ जुलै १९५२ पूर्वी लागलेला आणि ठरलेल्या दिवशी अजून नोकरीत असलेला कर्मचारी आपोआप महामंडळाचा कर्मचारी होईल. त्याचा कार्यकाळ, पगार आणि सेवाशर्ती पूर्वीच्याच राहतील. ज्याला महामंडळात जायचे नसेल त्याने मुदतीत लेखी कळवावे.

हा त्या काळाच्या मानाने मोठा दिलासा होता. ज्या कंपन्या तोट्यात होत्या, त्यांच्या कर्मचाऱ्यांना संसदेने कायद्यानेच नोकरी दिली. डेक्कनचा वैमानिक ३१ जुलैच्या रात्री एका कंपनीचा नोकर म्हणून झोपला आणि सकाळी केंद्राच्या महामंडळाचा नोकर म्हणून उठला. अर्ज नाही, मुलाखत नाही.

पण दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. पहिली म्हणजे ती तारीख. १ जुलै १९५२ नंतर लागलेल्यांना हे कलम लागू नव्हते. ताब्यात जाण्याआधी कंपन्यांनी आपली माणसे भरून घेऊ नयेत, हा हेतू उघड आहे आणि तो योग्यही आहे. तरी जो तरुण खरोखर गुणांवर सहा महिने आधी लागला होता, त्याला महामंडळाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागले. दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. पूर्वीचा पगार आणि पूर्वीच्या शर्ती कुठपर्यंत? तर महामंडळ त्या रीतसर बदलीपर्यंत. कायद्याच्या भाषेत हे एक साधे वाक्य आहे. नोकरदाराच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच की आज आहे तसे राहील, उद्याचे सांगता येत नाही.

शिवाय ज्या गोष्टीवर वैमानिकाचे आयुष्य ठरते, ती गोष्ट कोणत्याही कलमाने पूर्ण सोडवता येणारी नव्हती. आठ कंपन्यांच्या आठ ज्येष्ठता याद्या एकत्र कशा लावायच्या? नोकरीला लागल्याच्या तारखेने लावल्या तर जुन्या कंपनीचा माणूस वर जातो. कप्तान झाल्याच्या तारखेने लावल्या तर ज्या कंपनीत भराभर बढत्या मिळाल्या तिचा माणूस वर जातो. उड्डाणतासांनी लावल्या तर लांबच्या मार्गांवर उडणाऱ्याला फायदा. १९४५ साली जन्मलेल्या डेक्कनच्या माणसासमोर १९३० च्या दशकापासून चालत आलेल्या टाटांच्या कंपनीतला किंवा इंडियन नॅशनल एअरवेजमधला माणूस उभा केला, तर तारखेच्या हिशेबात तो मागे पडणार हे गणिताने सिद्ध आहे. यात कोणाचा दुष्टपणा नाही. लहान आणि उशिरा निघालेल्या कंपनीचा माणूस विलीनीकरणात खाली जातो, हा या प्रकरणाचा स्वभावच आहे.

सुरुवातीला याची झळ फारशी जाणवत नसावी, कारण यंत्र तेच होते. महामंडळाला मिळालेल्या ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होती. त्यांशिवाय १२ व्हायकिंग, तीन मोठी डग्लस डीसी-४ आणि काही किरकोळ विमाने होती. डाकोटा चालवणाऱ्याला डाकोटाच मिळाली. १९५५ च्या सुमारास लहान मार्गांसाठी हेरॉन जातीची विमाने घेतली, ती फार काळ रमली नाहीत. खरा बदल आला १९५७ मध्ये. व्हायकाउंट हे टर्बोप्रॉप विमान आले. केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला, वेग डाकोटाहून कितीतरी जास्त, इंजिने चार. मग १९६१ मध्ये फोकर फ्रेंडशिप, १९६४ मध्ये कॅरव्हेल हे जेट, त्याच दशकात कानपूरला बांधलेले ॲव्हरो, १९७० नंतर बोईंग ७३७ आणि १९७६ मध्ये एअरबस ए-३००. वीस वर्षांत डाकोटाच्या कप्तानासमोर सहा नवी यंत्रे उभी राहिली.

आता १९५३ ची ज्येष्ठता यादी कामाला आली. नवे विमान म्हणजे जास्त भत्ता, चांगला मार्ग, मोठे शहर, आणि पाळी येते ती यादीतल्या क्रमाने. शिवाय मोठ्या विमानावर जाताना जुन्या कप्तानाला पुन्हा काही काळ उजव्या आसनावर बसावे लागते. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी शिकाऊ होणे सगळ्यांना मानवत नाही. प्रशिक्षणात अनुत्तीर्ण झाला तर जुन्या विमानावर परत, आणि जुने विमान निघाले की प्रश्नचिन्ह. कॉकपिटमधल्या काही नोकऱ्या तर यंत्राने कायमच्या संपवल्या. डाकोटावर दोन वैमानिकांसोबत रेडिओ अधिकारी असे. संदेशवहन सोपे झाले आणि ती खुर्चीच विमानातून गेली. त्या माणसांबद्दल आपल्याकडे जवळजवळ काही लिहिलेले नाही. इतिहास खुर्चीवर बसलेल्यांचा लिहिला जातो, काढून टाकलेल्या खुर्चीचा नाही.

हैदराबादच्या वाट्याला यात एक वेगळी गोष्ट आली. डेक्कन गेल्यावर बेगमपेठ हे एका कंपनीचे मुख्यालय राहिले नाही, दिल्लीहून चालणाऱ्या महामंडळाचे एक स्थानक झाले. पण इंडियन एअरलाइन्सचे मध्यवर्ती प्रशिक्षण केंद्र हैदराबादेत उभे राहिले. देशभरातले वैमानिक नवे विमान शिकण्यासाठी याच शहरात येत. डावे आसन राहणार की जाणार, याचा निकाल कित्येकांना इथेच कळला असेल.

लहान गावांना जोडणाऱ्या मार्गांकडे या सगळ्यात दुर्लक्ष झाले. जेट विमान लहान धावपट्टीवर उतरत नाही, आणि डाकोटा गेल्यावर जुनी हवाई गावे नकाशावरून पुसली गेली. ती उणीव भरण्यासाठी जानेवारी १९८१ मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांनी मिळून वायुदूत ही प्रादेशिक कंपनी काढली. सुरुवात ईशान्य भारतातून झाली, पुढे जाळे देशभर पसरले. फोकर आणि ॲव्हरो ही इंडियन एअरलाइन्सची वापरलेली विमाने तिला मिळाली आणि सोबत १९ आसनी डॉर्निअर आली. डॉर्निअर पुढे कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बनू लागली. आपल्या वाचकांपैकी काहींनी पुणे-हैदराबाद मार्गावर ती पाहिली असेल. सप्टेंबर १९८९ मध्ये याच मार्गावरचे डॉर्निअर इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात कोसळले आणि विमानातील सर्व ११ जण मृत्युमुखी पडले. त्याआधी ऑक्टोबर १९८८ मध्ये गुवाहाटीजवळ वायुदूतच्या फोकरला अपघात होऊन ३४ जण गेले होते.

तोटा वाढत गेला. १९९३ साली वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला आणि कर्मचारी दोन्ही मोठ्या कंपन्यांत सामावून घेण्यात आले. चाळीस वर्षांपूर्वीचाच प्रसंग, फक्त या वेळी यंत्र एक नव्हते. १९ आसनी विमान चालवणारा आणि एअरबस चालवणारा आता एका यादीत येणार होते. डॉर्निअरवरचे हजारो तास एअरबसच्या माणसाला अर्धे वाटतात. उलट, दुर्गम धावपट्ट्यांवर स्वतःच्या डोळ्यांनी विमान उतरवणाऱ्याला मोठ्या विमानातला माणूस यंत्राचा नोकर वाटतो. दोघांचेही थोडे खरे असते. १९९४ मध्ये १९५३ चा अधिनियम रद्द झाला आणि आकाश खासगी कंपन्यांना खुले झाले. १९९० च्या दशकातल्या या खुल्या बाजारात बरेच वैमानिक जास्त पगारावर सरकारी कंपन्या सोडून गेले. तेव्हा कोणी विसाव्या कलमाची आठवण काढली नाही. पगार चढता असताना कलमे कोण वाचतो!

बंगळूरहून ऑगस्ट २००३ मध्ये हुबळीला पहिले उड्डाण करणाऱ्या एअर डेक्कनने जुने नाव पुन्हा आकाशात आणले. एटीआर विमानांनी सुरुवात, वर्षभरात एअरबस, २००८ पर्यंत किंगफिशरमध्ये विलीन, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरही बंद. वैमानिकांचे पगार थकलेले होते. या वेळी कुठल्याही महामंडळाने त्यांना आपले म्हटले नाही.

हैदराबादला स्वतःची प्रादेशिक कंपनी पुन्हा मिळाली ती जुलै २०१५ मध्ये, ट्रूजेट या नावाने. तोवर प्रवासी वाहतूक बेगमपेठहून शमशाबादला गेली होती. ताफा एटीआर ७२ चा. 'उडान' योजनेची पहिली उड्डाणे २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली, त्यांत ट्रूजेटचे हैदराबाद-नांदेड हे उड्डाण होते. निजामाच्या रेल्वेने जे गाव राजधानीशी जोडले, ते सव्वाशे वर्षांच्या आत विमानानेही जोडले गेले. पुढे औरंगाबाद आणि बेळगावही या कंपनीच्या मार्गांवर आले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली. तिच्यात २००७ पासून जुनी इंडियन एअरलाइन्सही होती, म्हणजे एका अर्थाने डेक्कन एअरवेजचा वारसाही. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, ट्रूजेटची उड्डाणे थांबली. सरकारी कंपनीच्या विक्रीच्या करारात कर्मचाऱ्यांना किमान एक वर्ष न काढण्याची अट होती. खासगी कंपनी थांबली तेव्हा अशी अट घालणारा कोणी नव्हता.

२०२४ पासून नांदेडहून पुन्हा विमाने उडू लागली. ती बेळगावशी जुने नाते असलेल्या स्टार एअरची आहेत आणि ती एटीआर नाहीत, एम्ब्राएर जातीची जेट आहेत. ही बातमी मी त्या विद्यार्थ्याला सांगितली. त्याने भावाला फोन लावला, दोन मिनिटे बोलला आणि म्हणाला, "भाईजान विचारतात, ट्रेनिंगचा खर्च कंपनी करते का?"